जुन्या साडीची पाठवणी

पूर्वी दुपारच्या वेळी दारात हाक यायची, "जुन्या कपड्यांवर भांडी घ्या, भांडी!" बोहारीण डोक्यावर पाटी घेऊन उभी असायची. घरातली बाई जुनी लुगडी, सदरे, विजारी तिच्यापुढे टाकायची. बोहारीण एकेक कपडा उलटासुलटा करून बघायची. "ताई, हे विरलंय. आणखी एक धोतर घाला," असे म्हणायची. बरीच घासाघीस व्हायची. शेवटी एखादे पातेले घरात यायचे आणि कपडे पाटीत जायचे. पुढे ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून बाजारात पुन्हा विकले जात.

या धंद्यात देणारी आणि घेणारी समोरासमोर असत. कपडा हाताने चाचपून पाहता येई. पोचवण्याचा खर्च वेगळा मोजावा लागत नसे. बोहारीण आपल्या पायांनी तो खर्च भागवत असे.

आता मोबाईलवर जुने कपडे विकले जातात. विकणारी मुंबईत असते आणि घेणारी आपल्या गावात. मधल्या वाटेचा खर्च कोणी तरी द्यावाच लागतो. तो किती असतो, तो कसा ठरतो आणि त्यात माणूस कसा फसतो, हे आज समजून घेऊ.

वहीतला हिशेब

मी मुलाकडे घाटकोपरला राहतो. आमच्या चाळीत एक बाई आहेत. त्यांचे यजमान काम करीत होते तो कारखाना बंद पडला. बाईंना शिवणकाम येते. त्यांनी घरबसल्या धंदा सुरू केला. राजावाडी, पंतनगर या भागातल्या घरांतून त्या जुन्या पण धड साड्या विकत घेतात. साडी धुतात, फॉल नीट करतात, इस्त्री करतात. मग फोटो काढून मोबाईलवर टाकतात. साताऱ्यापासून नागपूरपर्यंत गिऱ्हाईक मिळते.

एका संध्याकाळी बाई वही घेऊन माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला होता.

"गुरुजी, एवढं बघता का? महिनाभरात चाळीस साड्या पाठवल्या. एका साडीमागे शंभर रुपये सुटतात. चार हजार रुपये उरायला पाहिजेत. पोरीच्या क्लासची फी त्यातनंच भरायची होती. पण डब्यात पैसाच नाही. गेला कुठं?"

"बस पोरी," मी म्हणालो. "पैसा कुठं जात नाही. तो वहीत लपून बसतो. आपण शोधू."

बाईंचा हिशेब असा होता. साडीची खरेदी १२० रुपये. धुणे, फॉल, इस्त्री ३० रुपये. साडीची विक्री २५० रुपये. म्हणजे शंभर रुपये नफा. टपालखर्च म्हणून त्या गिऱ्हाइकाकडून सरसकट ५० रुपये घेत. पैसे साडी पोचल्यावर मिळत.

"हे पन्नास रुपये कसे ठरवलेस?" मी विचारले.

"बाकीच्या बाया पन्नास घेतात, म्हणून मी पण घेतले."

इथेच चूक झाली. शेजारणीचा दर बघून टपालखर्च ठरवायचा नसतो. आपले पार्सल किती वजनाचे, किती मोठे आणि कुठे जाणार, ते बघून तो ठरवायचा असतो. कुरिअरवाल्याची बिले आम्ही काढली. कुठे साठ, कुठे शंभर असा आकार होता. सरासरी काढली तर एका पार्सलला ८० रुपये पडले. त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे १४ रुपये ४० पैसे. एकूण ९४ रुपये ४० पैसे. वर पिशवीचे १० रुपये.

आता खरा हिशेब पाहा. गिऱ्हाइकाकडून आले ३०० रुपये. खर्च झाला १२०, ३०, १० आणि ९४ रुपये ४० पैसे. त्याची बेरीज २५४ रुपये ४० पैसे. हाती उरले ४५ रुपये ६० पैसे. शंभर नव्हेत.

पण एवढ्यानेही डबा रिकामा होत नाही. मी आणखी पाने उलटली. चाळीसपैकी आठ साड्या परत आल्या होत्या. कोणी घरी नव्हते, कोणाला रंग आवडला नाही, कोणाचे मन बदलले. परत आलेल्या पार्सलचे पैसे मिळत नाहीत. पण जाण्याचे भाडे लागते आणि येण्याचेही लागते. एका साडीमागे ९४ रुपये ४० पैसे दोनदा, शिवाय पिशवीचे १० रुपये. म्हणजे १९८ रुपये ८० पैसे पाण्यात गेले.

बत्तीस साड्यांवर नफा झाला १,४५९ रुपये २० पैसे. आठ साड्यांवर तोटा झाला १,५९० रुपये ४० पैसे. म्हणजे महिनाभर राबून बाईंना १३१ रुपये २० पैशांची खोट आली. वर आठ साड्या घरात पडून राहिल्या, त्यांत १,२०० रुपये अडकले. बाईंची मेहनत तर यात धरलेलीच नाही.

बाई गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी, एक साडी परत आली की चार साड्यांची कमाई जाते!"

बाईंनी सार बरोबर काढले होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते हेच.

काट्यावरचे वजन

टपालखर्चात पहिली गोष्ट वजन. पण भाडे ग्रॅमाग्रॅमाने वाढत नाही. ते टप्प्याने वाढते. बहुतेक कुरिअरवाले अर्ध्या किलोचा एक टप्पा धरतात. ४७० ग्रॅमचे पार्सल असो की ५०० ग्रॅमचे, भाडे एकच. पण ५१० ग्रॅम झाले की एक किलोचे भाडे. दहा ग्रॅमसाठी पूर्ण टप्प्याचे पैसे जातात.

बाईंची एक सुती साडी काट्यावर ठेवली. ४५० ग्रॅम भरली. पातळ पिशवी २० ग्रॅमची. एकूण ४७० ग्रॅम. पहिल्या टप्प्यात बसली. पण बाई साडी चांगली दिसावी म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालत. खोके १५० ग्रॅमचे. बेरीज ६०० ग्रॅम! खोक्यापायी त्या दर वेळी पुढच्या टप्प्याचे भाडे भरत होत्या.

सदरा हलका असतो, जीनची विजार जड असते, नऊवारी लुगडे त्याहून जड भरते. म्हणून सगळ्या कपड्यांना एकच टपालखर्च लावणे बरोबर नाही. धंदा करायचा तर घरात लहान वजनकाटा पाहिजे. डोळ्यांनी केलेला अंदाज फसवतो.

जागेचे भाडे

दुसरी गोष्ट पार्सलचा आकार. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

बैलगाडीत ज्वारीची पोती भरली तर गाडी वजनाने भरते. त्याच गाडीत कापूस भरला तर वजन थोडे, पण जागा सगळी जाते. गाडीवान म्हणेल, "कापूस हलका असला म्हणून काय झालं? माझी गाडी तर अडली." कुरिअरवालाही तेच म्हणतो. म्हणून तो दोन वजने काढतो. एक काट्यावरचे आणि दुसरे जागेचे. जे जास्त असेल त्याचे भाडे घेतो.

जागेचे वजन काढण्याची रीत अशी. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी. तिन्हींचा गुणाकार करावा. त्याला बहुधा ५,००० ने भागतात. जो आकडा येतो तो किलो समजावा.

एक लोकरीचा स्वेटर घेऊ. काट्यावर तो ६०० ग्रॅम भरतो. तो ४० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २० उंच अशा खोक्यात घातला. ४० गुणिले ३० गुणिले २०, म्हणजे २४,०००. भागिले ५,०००. उत्तर आले ४.८. म्हणजे स्वेटर सहाशे ग्रॅमचा, पण भाडे जवळजवळ पाच किलोचे!

तोच स्वेटर नीट घडी करून, हवा दाबून काढून पिशवीत घातला. पिशवी ३० लांब, २५ रुंद, ६ उंच. गुणाकार ४,५००. भागिले ५,०००. उत्तर ०.९. आता एक किलोच्या टप्प्यात काम झाले. कपडा तोच, गिऱ्हाईक तेच. फरक फक्त घडीचा.

अंतर आणि पिन कोड

तिसरी गोष्ट अंतर. घाटकोपरहून मुलुंडला पार्सल जाणे वेगळे, साताऱ्याला जाणे वेगळे आणि कोलकात्याला जाणे वेगळे. टपालखात्याच्या स्पीड पोस्टला आणि कुरिअरलाही अंतराचे टप्पे असतात. गावातल्या गावात दर सर्वांत कमी. जसे लांब जावे तसा दर वाढतो.

पार्सल किती लांब जाणार हे पिन कोडवरून कळते. पिन कोड म्हणजे पत्त्याखाली लिहायचा सहा आकडी क्रमांक. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो बसवण्यात श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाचा मोठा वाटा होता. ते टपालखात्यातले मोठे अधिकारी होते आणि संस्कृतचे पंडित व कवीही होते. एकाच नावाची गावे देशात पुष्कळ, पत्ते लिहिण्याच्या भाषाही अनेक. त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. आकडे मात्र सगळीकडे सारखे. म्हणून ही युक्ती निघाली.

पहिला आकडा देशाचा भाग सांगतो. महाराष्ट्राचा पहिला आकडा ४ आहे. पहिले तीन आकडे मिळून टपालाचा जिल्हा कळतो. मुंबईचे ४००, साताऱ्याकडचे ४१५, नागपूरचे ४४०. शेवटचे तीन आकडे नेमकी टपाल कचेरी सांगतात. घाटकोपर पूर्वेला ४०० ०७७ आणि पश्चिमेला ४०० ०८६ लिहितात. पिन कोडचा एक आकडा चुकला तर पार्सल दुसऱ्या गावी फिरून येते आणि भाडे अंगावर बसते.

गावकऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. काही कुरिअरवाले आडवळणाच्या गावी जात नाहीत. ते तालुक्याला पार्सल ठेवतात, किंवा जादा पैसे घेतात. टपालखात्याच्या देशात दीड लाखाहून जास्त कचेऱ्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक खेड्यांत आहेत. म्हणून आतल्या गावी पार्सल पाठवायचे तर टपालाचा दर आधी विचारावा.

टपालखर्च ठरवण्याच्या तीन रीती

विकणारे लोक टपालखर्च तीन प्रकारे लावतात.

पहिली रीत, जेवढा खर्च तेवढाच घेणे. गिऱ्हाइकाचा पिन कोड विचारायचा, पार्सलचे वजन बघायचे, दर काढायचा आणि तोच सांगायचा. ही रीत सर्वांत सरळ. कोणाचे नुकसान नाही. पण प्रत्येक वेळी हिशेब करावा लागतो.

दुसरी रीत, सगळ्यांना एकच दर. हिला मोठा इतिहास आहे. पूर्वी आपल्या देशात पत्राचे हशील अंतरावर ठरत असे. १८५४ साली नियम बदलला. पत्र जवळ जावो की लांब, हलक्या पत्राला अर्धा आणा. जवळचा माणूस थोडे जास्त देतो, लांबचा थोडे कमी देतो आणि सरासरीने खर्च भागतो. पण हे साधते कधी? दर सरासरी काढून ठरवला तरच. आमच्या बाईंनी सरासरी काढली नव्हती. खर्च १०४ रुपये ४० पैसे आणि दर ५० रुपये. मग खड्डा पडणारच.

तिसरी रीत, "टपालखर्च मोफत." हे शब्द वाचून माणूस खूश होतो. पण कुरिअरवाला कोणालाही फुकट नेत नाही. २५० रुपयांची साडी ३५५ रुपयांना लावायची आणि वर "मोफत" लिहायचे, एवढाच तो प्रकार. ही रीत खोटी आहे असे मी म्हणत नाही. एकच आकडा सांगितला की गिऱ्हाइकाला सोपे जाते. पण "मोफत" या शब्दाला भुलू नये. शेवटी खिशातून एकूण किती जाणार, ते पाहावे.

परदेशातही हाच प्रश्न आहे. युरोपात लिथुआनिया नावाचा लहान देश आहे. तिथे २००८ साली 'व्हिंटेड' नावाचा जुन्या कपड्यांचा बाजार निघाला. आज तो युरोपातल्या अनेक देशांत चालतो. तिथे विकणाऱ्याने पार्सल लहान, मध्यम की मोठे एवढे सांगायचे. त्याप्रमाणे दर लागतो आणि तो घेणारा भरतो. म्हणजे तिथेही आकार आधी बघतात.

एकत्र पाठवण्याचा फायदा

टपालखर्च कमी करण्याचा एक सोपा मार्ग आहे. तो म्हणजे एकत्र पाठवणे. समजा, पहिल्या अर्ध्या किलोला ८० रुपये आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४० रुपये दर आहे. एक साडी पाठवली तर ८० रुपये. दोन साड्या एका पिशवीत पाठवल्या तर १२० रुपये, म्हणजे एकीला ६० पडले. तीन साड्यांना १६० रुपये, म्हणजे एकीला ५३ रुपयांच्या आसपास. यावर कर वेगळा. गावातल्या तीन शेजारणींनी एकत्र मागणी केली तर तिघींचे पैसे वाचतात.

बाईंनी काय केले

बाईंनी खोकी बंद केली. वजनकाटा आणला. प्रत्येक साडीचे वजन फोटोखाली लिहू लागल्या. मुंबई, बाकीचा महाराष्ट्र आणि परराज्य असे तीन दर त्यांनी सरासरी काढून ठरवले आणि पाटीवर लिहिल्यासारखे उघड लिहिले.

परत येणाऱ्या पार्सलवरही त्यांनी तोड काढली. माल पोचल्यावर पैसे, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. टपालखात्याने १८७७ साली व्ही.पी. सुरू केली, तीही याच तत्त्वावर. घेणाऱ्याला तिचा भरवसा वाटतो. पण नुकसान एकट्या विकणाऱ्याने सोसायचे, हेही बरे नव्हे. म्हणून बाईंनी ठरवले की टपालखर्च आधी घ्यायचा आणि साडीची किंमत साडी पोचल्यावर. ज्याने शंभर रुपये आधी भरले, तो सहसा पार्सल नाकारीत नाही.

पण मी त्यांना एक अट घातली. "पोरी, लोकांनी तुझ्यावर भरवसा ठेवायचा, तर तू काही झाकायचं नाहीस. डाग असेल तर डागाचा फोटो टाक. पदर विरला असेल तर तसं लिही. साडीची लांबी मोजून सांग. बोहारीण कपडा उलटासुलटा करून बघायची ना? तसं गिऱ्हाइकाला बघू दे."

पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक कमी झाले. काहींना आधी पैसे भरणे पटले नाही. सव्वीस साड्या गेल्या, त्यांतल्या दोनच परत आल्या. चोवीस साड्यांवर २,४०० रुपये सुटले. दोन साड्यांच्या परतीचे भाडे १८८ रुपये ८० पैसे गेले. उरले २,२११ रुपये २० पैसे. माल कमी विकला, पण पैसा घरात राहिला. क्लासची अर्धी फी भरली. उरलेली अर्धी पुढच्या महिन्यात भरायचे ठरले.

घेणाऱ्याने काय पाहावे

आता तुमच्या बाजूने बघू. माझ्या पुतण्याची बायको गावी असते. तिने मोबाईलवर ८० रुपयांचा जुना सदरा पाहिला. स्वस्त म्हणून लगेच मागवायला निघाली. टपालखर्च होता ९० रुपये.

तिने मला फोन केला. मी म्हणालो, "सूनबाई, सदरा ऐंशीचा नाही, एकशे सत्तरचा आहे. आठवड्याच्या बाजारात एवढ्यात काय मिळतं ते बघ. मग ठरव."

तिने बाजारात चौकशी केली आणि तो सदरा घेतला नाही. पुढे जावेने आणि तिने मिळून आमच्या बाईंकडून तीन साड्या मागवल्या. त्या त्यांना परवडल्या.

काही जण "साडी फुकट, फक्त टपालखर्च भरा" असेही सांगतात. अशा वेळी सावध राहावे. फुकट साडीसाठी दीडशे रुपये भाडे मागितले, तर तीच साडीची किंमत समजावी. विकणाऱ्याचा पत्ता आणि फोन मिळाल्याशिवाय आणि आधी ज्यांनी माल घेतला त्यांना विचारल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. साडी नापसंत पडली तर परतीचे भाडे कोणी भरायचे, हेही आधीच विचारून घ्यावे. भांडण नंतर होण्यापेक्षा प्रश्न आधी विचारलेला बरा.

साडी जुनी असली म्हणून तिची पाठवणी फुकट होत नाही. तिचे वजन, तिची जागा आणि तिची वाट, या तिन्हींचे मोल द्यावे लागते. ते किती, हे ज्याला मांडता येते, तो विकतानाही ठकत नाही आणि घेतानाही ठकत नाही. तुम्ही आता वाचू-लिहू लागला आहात. बेरीज-गुणाकार शिकला आहात. मग आपला हिशेब दुसऱ्यावर का सोडायचा?

लक्षात ठेवा

१. किंमत आणि टपालखर्च यांची बेरीज म्हणजे खरी किंमत.
२. पार्सल काट्यावर तोला आणि टेपने मोजा. जे जास्त, त्याचे भाडे.
३. पिन कोडचे सहाही आकडे नीट लिहा.
४. पार्सल परत आले तर दोन्ही वेळचे भाडे लागू शकते.
५. शेजारीपाजारी मिळून एकत्र मागवा.
६. दर अधूनमधून बदलतात. टपाल कचेरीत किंवा कुरिअरवाल्याकडे विचारून मगच आकडा धरा.

सोडवून पाहा

१. एक पार्सल ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि १० उंच आहे. काट्यावर ते ८०० ग्रॅम भरते. भाडे किती किलोचे लागेल?
२. तुमच्या गावाचा पिन कोड लिहा. त्याचे पहिले तीन आकडे कोणते?
३. घरातली एक साडी वाण्याच्या काट्यावर तोलून पाहा. ती पिशवीसकट अर्ध्या किलोत बसते का?